माजी विद्यार्थ्यांच्या जाळ्यात आपली जागा कुठे?

हिवाळा आला की महाविद्यालयांच्या फाटकांवर माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्याचे फलक लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांची संख्या वाढली आहे आणि त्याला निव्वळ जुन्या आठवणी हे कारण नाही. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा स्वतंत्र मुद्दा राहिलेला आहे. संघटना नोंदणीकृत आहे का, तिने संस्थेला काय मदत केली, हे तिथे विचारले जाते. सरकारी अनुदान आटत असताना संस्थांची नजर माजी विद्यार्थ्यांच्या खिशाकडे वळणे हेही ओघानेच आले. जून २०२३ मध्ये नंदन निलेकणी यांनी आपल्या जुन्या संस्थेला, आयआयटी मुंबईला, ३१५ कोटी रुपये दिले. तेव्हापासून तर 'माजी विद्यार्थी' या शब्दाला वेगळेच वजन आले आहे.

या सगळ्यात आपला समाज कुठे आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे. आज आपल्यात पदवीधरांची दुसरी आणि तिसरी पिढी उभी आहे. डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक, वकील, बँक अधिकारी, परदेशात स्थायिक झालेले तंत्रज्ञ, सगळे आहेत. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या संस्थेचा माजी विद्यार्थी आहे. तरीही गावातून शहरात शिकायला आलेल्या आपल्या मुलाला वसतिगृह मिळेपर्यंत चार दिवस कुठे राहायचे, हे सांगणारा माणूस सापडत नाही. एवढी माणसे असताना ती एकमेकांना सापडत का नाहीत?

जाळे म्हणजे नेमके काय?

माजी विद्यार्थ्यांचे जाळे म्हटले की जेवणावळ, सत्कार आणि फोटो डोळ्यांसमोर येतात. त्याचे खरे काम मात्र मेळाव्याच्या बाहेर चालते. कोणत्या कंपनीत जागा निघणार आहे हे जाहिरातीच्या आधी कळणे, अर्जासोबत आतल्या माणसाची शिफारस जाणे, परदेशी विद्यापीठासाठी उद्देशपत्र कसे लिहायचे हे कोणीतरी शेजारी बसवून शिकवणे, नव्या शहरात भाड्याच्या खोलीसाठी कोणीतरी 'मी ओळखतो यांना' असे म्हणणे, हे ते काम आहे.

ज्यांच्या घरात आजोबांपासून शिक्षण आहे, त्यांना हे सगळे न मागता मिळते. काका त्याच कॉलेजचा, मावशी त्याच क्षेत्रातली, वडिलांचा वर्गमित्र त्याच कंपनीत. यालाच पुढे 'गुणवत्ता' असे नाव पडते. घरातल्या पहिल्या पदवीधराला मात्र हे सारे शून्यातून उभे करावे लागते. आरक्षणाने प्रवेशाचे दार उघडले. आत गेल्यावर कोणत्या खोलीत काय आहे, हे सांगणारा माणूस आरक्षण देत नाही.

त्याची किंमत आकड्यांत दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार, आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम यांतून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय प्रवर्गांतले १३,६०० हून अधिक विद्यार्थी शिक्षण मध्येच सोडून गेले. त्यात अनुसूचित जातींचे २,४२४ विद्यार्थी केंद्रीय विद्यापीठांतले आणि १,०६८ आयआयटींतले होते. विद्यार्थी दुसरा अभ्यासक्रम किंवा दुसरी संस्था निवडतात, असे स्पष्टीकरण सरकारने दिले. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण एवढी कठीण परीक्षा देऊन मिळवलेली जागा सोडण्याआधी यातल्या किती जणांना बोलायला एखादा सीनियर सापडला होता, हे त्या उत्तरात नाही.

बाबासाहेब : एक माजी विद्यार्थी

बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट आपण साधारणपणे कष्टाची आणि एकाकी जिद्दीची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण तिला आणखी एक बाजू आहे.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री झाली आणि ती आयुष्यभर टिकली. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला घर मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. तीन वर्षांनी, १९२० साली, लंडनचे शिक्षण पूर्ण करायला ते पुन्हा निघाले. तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयातल्या नोकरीतून साठवलेले पैसे होते, राजर्षी शाहू महाराजांची मदत होती आणि पाच हजार रुपयांचे कर्ज होते. हे कर्ज दिले होते नवल भथेना यांनी.

एका पारशी जमावाने घराबाहेर काढले आणि एका पारशी वर्गमित्राने लंडनला पोहोचवले. या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. कोणताही समाज एकसंध नसतो, आणि शिक्षणसंस्थेत शेजारी बसून जोडलेले नाते कधीकधी समाजाच्या भिंतीपेक्षा मजबूत निघते, हे त्यातून कळते.

प्राध्यापकांच्या बाबतीतही तेच. बाबासाहेबांनी एडविन सेलिगमन यांच्याशी संबंध टिकवून ठेवला. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली आला, तेव्हा त्याला प्रस्तावना सेलिगमन यांची होती. १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात, आपल्याला लाभलेले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही वर्गमित्र आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिगमन, रॉबिन्सन हे प्राध्यापक, असे बाबासाहेबांनी नमूद केले. ५ जून १९५२ रोजी याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. म्हणजे विद्यापीठ सोडल्यानंतर छत्तीस वर्षांनीही हे नाते जिवंत होते. आपण बाबासाहेबांकडून शिकण्याची जिद्द घेतली. शिकून झाल्यावर नाते कसे जपायचे, हेही त्यांच्याकडूनच घेण्यासारखे आहे.

मिलिंद आणि सिद्धार्थचा वारसा

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकून कामावर जाता येई. मिलिंद सुरू झाले तेव्हा मराठवाड्यात स्वतःचे विद्यापीठही नव्हते. ते १९५८ साली आले.

या दोन्ही संस्थांची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडी होती. मिलिंदचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस दलित समाजातले नव्हते, तरी 'युगयात्रा' हे नाटक त्यांनी लिहिले. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेडे यांनी इथल्या तरुण लेखकांना कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून दिली. मिलिंदशी जोडलेल्या गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श'चे संपादन दशकानुदशके केले. खेड्यातून आलेला विद्यार्थी, शहरी प्राध्यापक आणि परदेशातून परतलेला अभ्यासक एका आवारात आले, त्यातून दलित साहित्याची चळवळ उभी राहायला बळ मिळाले. नागसेनवनातल्या त्या वातावरणाचे वैविध्य हेच त्याचे सामर्थ्य होते.

नामांतराच्या लढ्याकडेही या दृष्टीने पाहता येईल. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळली, माणसे मारली गेली. पदवी प्रमाणपत्रावर कोणाचे नाव असावे, या विद्यापीठाचे वारसदार कोण, हाच तो वाद होता. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आपण एवढी किंमत मोजली, त्याच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत मात्र आपण कुठेतरी तळाशी, पत्ता न बदललेल्या अवस्थेत पडून आहोत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कारभाराचे वादही वर्षानुवर्षे न्यायालयात फिरत राहिले. विश्वस्त कोणीही असो, इमारतींची, ग्रंथालयांची आणि वसतिगृहांची काळजी घेणारा कोणत्याही गटाचा नसलेला एक घटक हवा असतो. संघटित माजी विद्यार्थी तो घटक होऊ शकतात.

ग्रुपमध्ये राहायचे की बाहेर पडायचे?

आता अवघड भागाकडे येऊ. मिश्र समाजाच्या माजी विद्यार्थी संघटनेत किंवा बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये काय घडते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा चालू असतात, मध्येच कोणीतरी आरक्षणावरचा 'विनोद' पाठवतो. चार जण हसतात, बाकीचे गप्प बसतात. आपला माणूस दोन दिवस विचार करतो आणि ग्रुप म्यूट करतो. सहा महिन्यांनी तो बाहेर पडतो. कोणी कारण विचारत नाही. काही जण राहतात, पण आडनाव लपवून, १४ एप्रिलला काही न लिहिता.

बाहेर पडणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. रोज अपमान गिळण्याची अट घालून कोणी कोणाला 'एकोप्या'चे धडे देऊ नयेत. रोहित वेमुला (१७ जानेवारी २०१६) आणि डॉ. पायल तडवी (२२ मे २०१९) यांच्यानंतर तर हा विषय फक्त भावना दुखावण्याचा राहिलेलाच नाही. या दोघांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेचे विनियम कागदावरच राहिले आहेत, ही त्यांची तक्रार होती.

तरीही सरसकट बाहेर पडणे हा मार्ग आपल्या तोट्याचा आहे. त्याची कारणे तीन.

पहिले, नोकरी, संशोधन आणि परदेशी शिक्षण यांची माहिती ज्या वाटांनी फिरते त्या वाटा याच मिश्र जाळ्यातून जातात. आपण बाहेर पडलो की नुकसान आपल्यापुरते राहत नाही, आपल्या मागून येणाऱ्या मुलाची वाटही बंद होते.

दुसरे, संस्थेच्या धोरणांवर माजी विद्यार्थ्यांचा प्रभाव वाढतो आहे. देणग्या कशासाठी वापरायच्या, शिष्यवृत्त्या कोणाला, पाहुणे म्हणून कोणाला बोलवायचे, हे ठरवणाऱ्या टेबलावर आपण नसू तर आपल्याशिवायच ठरेल.

तिसरे, त्या ग्रुपमध्ये गप्प बसलेले सगळेच विरोधक नसतात. त्यांत एखादा नवल भथेना असू शकतो. आपण उठून गेलो तर त्याला बोलायची संधीही मिळत नाही.

अमेरिकेतला अनुभव इथे उपयोगी आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि तेव्हा २३ संकुले असलेल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. संख्येने मूठभर असलेल्या दलित विद्यार्थ्यांना हे एकट्याने जमले नसते. कॅलिफोर्नियात विद्यार्थी संघटना, प्राध्यापकांची संघटना आणि आंबेडकरी संस्था एकत्र आल्या. आपला आवाज पक्का आणि सोबत इतरांची, असा तो मेळ होता.

म्हणून प्रश्न 'आपले वेगळे जाळे की सर्वांचे मिश्र जाळे' असा मांडू नये. दोन्ही लागतात. ज्याच्या पाठीशी आपली माणसे आहेत, तोच मिश्र सभेत ताठ मानेने बोलू शकतो. एकटा माणूस एक तर निघून जातो किंवा विरघळून जातो.

आधी दीक्षा, आधी मान

धम्माच्या परंपरेत यासाठी एक नेमके उदाहरण आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघतात, त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपाली असतो. कुमार बुद्धांना विनंती करतात की, आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यकुलाचा अहंकार गळेल. तसेच झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन याच उपालीने केले.

संघात ज्येष्ठता जन्मावर ठरली नाही, आधी कोण आले यावर ठरली. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेचा कणाही खरे तर हाच आहे : कोण कोणत्या बॅचचा. सीनियर तो सीनियर, आडनाव काहीही असो. तत्त्व आधीच तिथे आहे. ते पाळले जाते का, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.

आनंदाने एकदा म्हटले की कल्याणमित्र लाभणे म्हणजे ब्रह्मचर्याचा अर्धा भाग. बुद्धांनी त्याला दुरुस्त केले आणि सांगितले की अर्धा नव्हे, संपूर्ण. अनोळखी ज्युनियरला अर्ज तपासून देणारा सीनियर हा आजच्या काळातला कल्याणमित्रच आहे.

काय करता येईल?

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी व्यक्त केलेली खंत आपण दर जयंतीला ऐकतो. तिचा वापर बहुतेक वेळा फटकारण्यासाठी होतो. पण आज पुण्यातल्या अभियंत्याला मदत करायची इच्छा असते आणि मुखेडच्या मुलीला मदत हवी असते. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. इच्छेपेक्षा व्यवस्थेची उणीव मोठी आहे, आणि ती भरून काढता येते. वर्ध्याची नालंदा अकादमी किंवा विदर्भातून सुरू झालेले एकलव्य फाउंडेशन पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामवंत विद्यापीठांपर्यंत पोहोचवण्याचे काम करतात. आधी शिकून गेलेल्यांनी मागून येणाऱ्यांना वाट दाखवणे हाच त्या कामाचा गाभा आहे.

प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक विहारात सुरू करता येतील अशी काही कामे :

१. विषयवार नोंदवही. कोण कुठे, काय शिकले, सध्या कोणत्या क्षेत्रात आहे आणि महिन्याला किती तास देऊ शकते. नोंद संमतीनेच व्हावी आणि यादी जाहीर फिरवू नये. आपली ओळख उघड करणे अनेकांना नोकरीत अडचणीचे ठरते, याचे भान हवे.

२. स्त्रियांची नोंद मूळ नावाने. लग्नानंतर आडनाव, गाव आणि नंबर बदलतो आणि हुशार मुली यादीतून नाहीशा होतात. पदवी ज्या नावाने घेतली ते नाव नोंदवहीत राहिले पाहिजे. शिकणाऱ्या मुलीला तिच्याच वाटेने गेलेली ताई सापडणे फार मोलाचे असते.

३. वेळेवरची छोटी रक्कम. स्वाधार योजनेतून मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळते, पण खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे पहिल्या महिन्यापासून द्यावे लागतात. शिष्यवृत्ती खात्यात येईपर्यंत उसने देणारा आणि ती आल्यावर परत घेणारा निधी उभारावा. भथेनांनी दिले तेही कर्जच होते. कर्जात घेणाऱ्याचा मान राहतो आणि तोच पैसा पुढच्याच्या कामी येतो.

४. मूळ संस्थेच्या संघटनेत सभासदत्व. वर्गणी भरा, सभेला जा, कार्यकारिणीची निवडणूक लढवा. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक नेमण्याचा ठराव मांडा. २०१२ च्या विनियमांत सांगितलेला समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी आपल्या संस्थेत आहेत का, असे लेखी विचारा. शिकत असलेल्या विद्यार्थ्याला हे विचारताना गुणांची भीती असते. माजी विद्यार्थ्याला ती नसते.

५. ग्रुपचा नियम. बॅचच्या ग्रुपमध्ये जात, धर्म आणि लिंगावरून टिंगल चालणार नाही, हा नियम सुरुवातीलाच लिहून घ्या. तो मांडताना आधी दोघा-तिघा समविचारी वर्गमित्रांशी बोला. एकट्याने भांडण्यापेक्षा तिघांनी शांतपणे सांगितलेले जास्त चालते.

६. आपले जाळे आपल्यापुरते नको. मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त, आदिवासी, मुस्लीम, गरीब कुणबी घरातला पहिला पदवीधर, या सगळ्यांना त्यात जागा हवी. पायल तडवी आदिवासी मुस्लीम कुटुंबातली होती. आपण इतरांकडून जे वैविध्य मागतो ते आपल्या घरात आधी दिसले पाहिजे.

यातले एकही काम मोठ्या इमारतीशिवाय किंवा मोठ्या नेत्याशिवाय अडत नाही. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक वही आणि दोन तास, एवढ्यावर सुरुवात होते. जून ते ऑगस्ट हे प्रवेशाचे महिने. त्याआधी ही वही भरलेली असेल, तर यंदाच काही मुलांचे वर्ष वाचेल. जयंतीच्या मिरवणुकीचा हिशोब आपण चोख ठेवतो. आता आपल्या पदवीधरांचाही ठेवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!